तिच्या हातांकडे बघ

पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कीच्या ‘डेकॅलॉग’ या चित्रमालिकेचा दुसरा भाग लॅपटॉपवर लावून बसले होते आणि आई वाळलेले कपडे खांद्यावर टाकून मागून चालली होती. पडद्यावर एक बाई टेबलापाशी बसलेली. समोर काचेच्या पेल्यात चहा. बाई काही बोलत नाही, रडत नाही, नुसती बोटाने तो पेला टेबलाच्या कडेकडे सरकवत राहते. आई जरा थांबली आणि म्हणाली, “पाडणार ही.” पेला पडला. काचा, चहा, सगळं जमिनीवर. आईला पोलिश येत नाही, गोष्ट माहीत नाही, ही नटी कोण हेही माहीत नाही. तुला कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, “तिच्या हातांकडे बघ की. चेहऱ्याकडे काय बघत बसतेस?” आणि गेली टॉवेलांच्या घड्या घालायला.

मला ते टोचलं, कारण हा भाग मी काही पहिल्यांदा बघत नव्हते. त्यावर मित्रमंडळींत तावातावाने बोलले होते, नैतिक पेच वगैरे शब्द वापरले होते. आणि इतक्या वेळा मी फक्त त्या नटीचा, क्रिस्तिना यांदाचा, चेहराच बघत आले होते. चेहरा आहेच तसा. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोरच्याला ओलांडून पलीकडे गेलेली, आतलं काही दिसू द्यायचं नाही असा पण केलेला. गोष्ट अशी की ही डोरोटा ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. नवरा इस्पितळात मरणाच्या दारात आहे आणि तिच्या पोटात दुसऱ्याचं मूल आहे. ते ठेवायचं की नाही, हे नवरा जगणार की नाही यावर अवलंबून. त्याच इमारतीत म्हातारे डॉक्टर राहतात, ते नवऱ्यावर उपचार करताहेत, म्हणून ती त्यांच्याकडे जाते आणि सरळ उत्तर मागते. डॉक्टर तिला ओळखतात, पूर्वी त्यांचा कुत्रा हिच्याच गाडीखाली आला होता. असलं शेजारपण. आईच्या शेऱ्यानंतर मी तो भाग पुन्हा लावला आणि मग दिसायला लागलं की बाईचं सगळं बोलणं हातांतच आहे. डॉक्टरांच्या घरी ती हातातल्या काड्यापेटीचंच रक्षापात्र करते. स्वतःच्या घरी खिडकीतल्या झाडाची पानं एकेक करून खुडते, मग उघडा पडलेला देठ धरून वाकवते, आणि सोडल्यावर तो देठ सावकाश पुन्हा सरळ व्हायला बघतो. पटकथेतून हे काढून टाकलं तर डोरोटा म्हणजे एक हट्टी, जराशी उर्मट बाई एवढंच उरेल.

यांदा मला सुरुवातीला आवडली नव्हती, हेही सांगून टाकते. एका फिल्म सोसायटीच्या खेळाला ‘मॅन ऑफ मार्बल’ पाहिला. पंखे घरघरत होते, प्रिंटवर रेघा होत्या, आणि पडद्यावर ही लांब पायांची पोरगी जीन्स घालून ढांगा टाकत नुसती इकडून तिकडे धावत होती. सिगारेट पेटवते, विझवते, खुर्चीत अंग टाकते, पाय पसरते, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोडते. किती ते हातवारे! दोन-अडीच तास एवढा गोंगाट करायला काय झालं हिला, असं वाटलं. मध्यंतरात कुणीतरी म्हणालं, ओव्हरॲक्टिंग आहे. मी मान डोलावली. आजही तो आक्षेप मी पूर्णपणे मागे घेणार नाही. यांदा कमी करत नाही, करते ते जास्तच करते. फक्त ते जास्त कशासाठी आहे हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

चित्रपट 1977चा, यांदा तेव्हा चोविशीची, नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली. दिग्दर्शक आंजेय वायदाने तिला दिलेलं पात्र म्हणजे अग्नेश्का, फिल्म शाळेची विद्यार्थिनी. पदविकेसाठी तिला माहितीपट करायचाय, आणि विषय निवडलाय तो 1950च्या आसपासचा एक आदर्श कामगार, मातेउश बिरकुत. नोव्हा हुता हे पोलादाचं शहर उभं राहत असताना एका पाळीत 30 हजारांच्या आसपास विटा रचून दाखवणारा गवंडी. आधी त्याचे पुतळे झाले, फोटो झाले, वर्तमानपत्रात मथळे झाले, आणि मग एक दिवस माणूसच गायब. संग्रहालयाच्या तळघरात असे मोडीत काढलेले नायक जाळीच्या दारामागे पडलेत. अग्नेश्का तिथे पोचते, चित्रीकरणाला परवानगी नाही, तरी देखरेखीच्या बाईला दुसरीकडे गुंतवते आणि आत शिरते. आणि तिथे तो प्रसंग आहे. बरोबरच्या जुन्या कॅमेरामनच्या हातातून ती कॅमेरा घेते, आडव्या पडलेल्या संगमरवरी बिरकुतवर दोन्हीकडे पाय टाकून चक्क स्वार होते आणि वरून त्याचा चेहरा टिपते. दगडी माणसाच्या छातीवर बसलेली जिवंत मुलगी. हे तिने नाजूकपणे केलं असतं तर काय शोभलं असतं का? परवानगी मागणाऱ्यांचा तो देश होता. पटकथाच मुळात दहा वर्षांहून अधिक काळ अडकून पडली होती. त्या देशात एक पोरगी हात पुढे करते आणि घेते. धसमुसळेपणा नसता तर ते खोटं वाटलं असतं.

आणि बिरकुतचे हात! विटा रचण्याच्या एका जाहीर प्रात्यक्षिकात कुणीतरी त्याला तापून लाल झालेली वीट देतं. तो सवयीने घेतो. हात जळतात ते कायमचे. पुढचं त्याचं आयुष्य त्या जळक्या हातांनीच जातं. पुढे ग्दान्स्कच्या महोत्सवात या चित्रपटाला अधिकृत मोठं पारितोषिक मिळू दिलं गेलं नाही, तेव्हा पत्रकारांनी आपल्या वतीने वायदाला बक्षीस म्हणून एक वीट दिली. असले विनोद फार जाचातून गेलेल्या माणसांनाच सुचतात.

सिनेमात अग्नेश्काचं पुढे काय होतं, तर टीव्हीवाले तिचा कॅमेरा आणि फिल्म काढून घेतात. ती वडलांकडे जाते. वडील रेल्वेतले साधे कामगार. ते म्हणतात, कॅमेरा नसला म्हणून काय झालं, त्या माणसाला शोध तर खरं. मग ती ग्दान्स्कच्या गोदीत बिरकुतच्या मुलाला गाठते, आणि शेवटी त्याला बरोबर घेऊन टेलिव्हिजनच्या लांबच लांब कॉरिडॉरमधून चालत येते. हात रिकामे, पण ढांगा त्याच.

याच्याच पुढच्या भागावर, ‘मॅन ऑफ आयर्न’वर, माझा राग आहे. 1981 साली कान महोत्सवात त्याला पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, त्याच्यावर राग काय धरायचा, पण आहे. तोवर ग्दान्स्कच्या गोदीत ऑगस्ट 1980चा संप झाला होता, सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली होती, आणि वायदाने ताज्या बातमीवर घाईघाईने चित्रपट केला. संपाचा नेता लेक वालेसा स्वतः पडद्यावर येतो. अग्नेश्काचं बिरकुतच्या मुलाशी चर्चमध्ये लग्न लागतं, तिथे साक्षीदार म्हणून तो उभा आहे. पण कॅमेरा हिसकावणारी ती मुलगी कुठे गेली? ती आता बायको आहे, आई आहे, अटकेत आहे, आणि भेटायला आलेल्या एका मिंध्या वार्ताहराला आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगते आहे. शांत, सोज्वळ, डोळ्यांत पाणी. गोष्ट नवऱ्याची, सासऱ्याची, देशाची. तिची नाहीच. कोठडीत असली म्हणून काय झालं, जिची आपण चिडचिड करत का होईना पण वाट बघितली होती, तिला असं गप्प बसवलेलं बघवत नाही. पहिल्या भागात जे जास्त वाटलं होतं त्याची दुसऱ्या भागात आठवण येत राहिली, एवढं खरं.

बरं, त्याच वर्षी तिने आणखी एक चित्रपट केला, आणि तिथे तिला कुणी सोज्वळ केलं नाही.

दिग्दर्शक रिशार्द बुगायस्कीचा ‘इंटरॉगेशन’. मी तो एकटीने पाहिला आणि पुन्हा पाहायची हिंमत होत नाही. स्टालिनच्या काळातली गोष्ट. अंतोनिना, घरगुती नाव टोनिया, कॅबरेत गाणारी. राजकारणाशी काडीचा संबंध नाही. हसरी, जराशी उथळ, नटायची हौस असलेली. खेळ संपल्यावर दोन माणसं तिला दारू पाजतात आणि शुद्ध येते तेव्हा ती तुरुंगात असते. एका ओळखीच्या अधिकाऱ्याविरुद्ध तिने जबाब द्यायचा, सही करायची, एवढंच मागणं. वर्षानुवर्षं तेच. तिला उघडं करतात, मारतात, एका अरुंद कोठडीत ठेवून पाणी हळूहळू वर चढवत नेतात. ती काही वीरांगना नाही. घाबरते, किंचाळते, लाचार होते, मध्येच विनोद करते. पण सही करत नाही. अशा तुरुंगांतून गेलेल्या खऱ्या बायकांच्या आठवणी बुगायस्कीने ऐकलेल्या होत्या, आणि ते जाणवतं, कारण टोनियाचा हट्ट तत्त्वाचा नाही. खोटं लिहायला तिचा हात उठत नाही, इतकंच. आपल्याकडच्या आज्या-पणज्या असा हट्ट करायच्या, विचारलं तर कारण सांगता यायचं नाही. तिच्या कोठडीतली कट्टर कम्युनिस्ट बाई अग्नेश्का होलांडने केलीय, तीच दिग्दर्शिका. पक्षाची चूक होऊच शकत नाही असं तुरुंगात बसून म्हणणारी. या दोघींचे प्रसंग मारहाणीपेक्षा मला जास्त अंगावर आले.

13 डिसेंबर 1981ला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. मग असला चित्रपट कोण दाखवणार? 1982मध्ये त्याच्यावर बंदी आली. वायदाच्या ज्या निर्मिती गटाने तो केला होता तो गटच पुढे मोडून टाकला. बुगायस्की कॅनडाला निघून गेला. पण व्हीएचएसवरची एक प्रत बाहेर पडली होती, तिच्या प्रतींच्या प्रती निघाल्या आणि त्या हातोहात फिरल्या. लोकांनी तो घराघरांत, पडदे ओढून, गिचमिड चित्रांत पाहिला. अधिकृत प्रदर्शन झालं ते डिसेंबर 1989मध्ये, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर. मे 1990मध्ये कानला यांदाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, म्हणजे काम करून आठेक वर्षं उलटल्यावर. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या बाईने जीव ओतून केलेलं काम, आणि शाबासकी घ्यायला उभी राहिली सदतीस वर्षांची बाई. मधल्या वर्षांत ते काम होतं आणि नव्हतंही. नटाला असं वर्षानुवर्षं डब्यात बंद ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे एखादं नाटक बंद पाडलं गेलं की त्या संचाच्या चेहऱ्यांवर दिसतं. फरक एवढाच की नाटकवाल्यांपाशी मग काहीच उरत नाही.

गंमत म्हणजे त्याच 1990 साली यांदाने वॉर्साच्या पॉव्शेख्नी थिएटरमध्ये एक एकपात्री प्रयोग सुरू केला, ‘शर्ली व्हॅलेंटाइन’. विली रसेलचं इंग्रजी नाटक. लिव्हरपूलची बेचाळीस वर्षांची गृहिणी, स्वयंपाकघरातल्या भिंतीशी बोलणारी. सगळा देश राजकारणात बुडालेला, कानचं बक्षीस हाती आलेलं, आणि बाई भिंतीशी गप्पा मारत नवऱ्यासाठी अंडी आणि बटाटे तळतेय. हा प्रयोग तिने पुढे तीस वर्षांहून अधिक काळ केला. पात्रापेक्षा पाच वर्षांनी लहान असताना सुरुवात केली आणि मग पात्राला मागे टाकून म्हातारी होत गेली, तरी बटाटे तळायचे थांबले नाहीत. इकडच्या नाटकवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कडाडून पाऊस, मोजकी माणसं, दुखणारी कंबर, तरी तिसरी घंटा झाली की उभं राहायचं.

माझी एक मैत्रीण नोकरीच्या निमित्ताने वॉर्साला असते. आयटीमुळे पुण्यातली बरीच मंडळी आता पोलंडभर पसरलीत. मी यांदावरून तिचं डोकं खाल्ल्यामुळे ती एकदा तो प्रयोग बघून आली. तिला पोलिश अर्धंमुर्धं कळतं. फोनवर म्हणाली, “विनोद कळले नाहीत गं सगळे, पण वास! पहिल्या दहा मिनिटांत तेलाचा वास आला आणि मला इतकी भूक लागली की लाज वाटली. शेजारची आजी पण हसायला लागली, तिच्या पोटात पण गुरगुरत होतं.” मी विचारलं, हात कसे चालतात तिचे? “म्हणजे?” म्हणाली. “बटाटा सोलते तशी सोलते. बघायचं काय त्यात? माझ्या सासूबाई सोलतात तसं. बोलणं चालू, हात चालू, खाली बघायचं नाही.” याहून चांगलं परीक्षण मला कुठल्या पोलिश समीक्षकाने लिहून दिलं असतं असं वाटत नाही.

मैत्रीण गेली होती ते यांदाच्या स्वतःच्या थिएटरात, टेआत्र पोलोनियामध्ये. मार्शाउकोव्स्का रस्त्यावर पोलोनिया नावाचं जुनं सिनेमागृह होतं, ते बंद पडलेलं यांदा आणि तिचा नवरा एडवर्ड क्वोशिन्स्की यांनी मिळवलं, घरचा पैसा घातला, आणि 2005 साली तिथे पडदा वर गेला. तोवर ती आधी आतेनेउम आणि नंतर पॉव्शेख्नी अशा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या थिएटरांत पगारी नटी होती. तिकडे नाटक म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकारी किंवा महापालिकेचा कारभार, महिन्याचा पगार, दोन-दोन महिने तालमी. ते सोडून पन्नाशीनंतर तिकीटबारीवर जगणारं घर उभं करायचं म्हणजे लोकांनी वेड्यात काढणारच. आपल्या मराठी व्यावसायिक रंगभूमीला हे वेड परंपरेने मिळालंय. बुकिंग बघून रात्री झोप लागणारे निर्माते आपण बघितलेत, म्हणून मला त्यात अचाट वगैरे वाटलं नाही, जवळचं वाटलं. 2010 मध्ये तिने दुसरं थिएटर उघडलं, ओख-टेआत्र, तेही जुन्या सिनेमागृहातच. मुलगी मारिया सेवेरिन, पहिल्या नवऱ्याची, तीही नटी, तिथे बरोबरीने उभी राहिली. उन्हाळ्यात जवळच्या संविधान चौकात उघड्यावर, फुकट प्रयोग लावतात. त्या चौकाच्या आजूबाजूची इमारतींची रांग 1950च्या दशकाच्या सुरुवातीची, आणि भिंतींवर दगडात कोरलेले कामगार उभे आहेत, धिप्पाड, निर्विकार, नेमके बिरकुतच्या जमान्यातले. मैत्रिणीने फोटो पाठवले होते. ज्या दगडी माणसाच्या छातीवर बसून यांदाची सुरुवात झाली, त्याच्या भाऊबंदांच्या पायाशी ती आता खुर्च्या मांडते. हे तिने ठरवून केलं असेल असं मुळीच नाही. जागा मिळाली तिथे घेतली.

ती सगळ्यांना आवडते असंही नाही. इंटरनेटवर रोजनिशी लिहायला तिने फार लवकर सुरुवात केली, ब्लॉग हा शब्द रुळायच्याही आधी. घर, मुलं, कुत्री, कर्ज, प्रयोग, चिडचिड, सगळं. राजकारणावर बोलते, तेही फटकळपणे. 2016 मध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आणायचा घाट घातला गेला तेव्हा आइसलँडच्या बायकांनी 1975 साली एक दिवस काम बंद ठेवल्याची आठवण तिने करून दिली आणि आपणही तसं करू या असं सुचवलं. 3 ऑक्टोबरला पोलंडभर बायका काळे कपडे घालून भर पावसात रस्त्यावर आल्या. छत्र्यांचे ते फोटो आपल्याकडच्या पेपरांतही आले होते. पुढे 2020 संपता संपता कोरोनाची लस काही नामवंतांना रांगेबाहेर मिळाल्याचं उघड झालं, त्यात तिचं नाव निघालं आणि लोक तिच्यावर तुटून पडले. लसीकरणाचा प्रचार करायला आम्हाला बोलावलं होतं, असं तिचं म्हणणं. मला ते वाचून वाईट वाटलं. त्या काळात आपल्या घरात कोण कशासाठी रांगेत होतं हे आठवलं की क्षमा करायला मन तयार होत नाही. आणि तरी दुसऱ्याच आठवड्यात मी तिचा कुठलातरी जुना चित्रपट लावून बसले होते.

नवऱ्याचा उल्लेख मघाशी नुसता ओझरता झाला, खरं तर तिथेच थांबायला हवं. एडवर्ड क्वोशिन्स्की छायाचित्रकार होता. ‘मॅन ऑफ मार्बल’ त्याने टिपला, ‘मॅन ऑफ आयर्न’ त्याने टिपला. त्या ढांगा, ती धावपळ, खाली बसून वर बघणारा तो कॅमेरा त्याचा. 1981 मध्ये त्यांचं लग्न झालं. आणि ‘डेकॅलॉग’च्या जवळजवळ प्रत्येक भागाला किश्लोव्स्कीने वेगळा छायाचित्रकार घेतला होता, त्यातल्या दुसऱ्या भागाचा क्वोशिन्स्की. श्रेयनामावलीत हे नाव मी कैक वेळा डोळ्यांखालून घातलं असणार. आईने हटकल्यावर शोधलं, तेव्हा कळलं. म्हणजे तो पेला, तो देठ, ती काड्यापेटी, हे सगळं तिच्या नवऱ्याने बघितलेलं आहे. आई म्हणाली हातांकडे बघ, पण कॅमेऱ्यामागच्या माणसाला हे सांगावं लागलं नव्हतं. रोज चहा देताना, सिगारेट पेटवताना बघितलेले हात होते ते.

5 जानेवारी 2008ला तो कॅन्सरने गेला, पासष्टी नुकतीच पुरी झाली होती. त्या सुमारास वायदा तिला घेऊन ‘तातारक’ करायच्या तयारीत होता. पोलिश लेखक इवाश्केविचच्या एका कथेवरचा चित्रपट. तातारक म्हणजे आपलं वेखंड. बाळाच्या अंगाला लावायचं, सर्दीला उगाळायचं, लोकरीच्या कपड्यांत ठेवायचं ते. पोलंडमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या एका ख्रिस्ती सणाला त्याची हिरवी पाती घरात आणून लावतात. कथेत त्याचे दोन वास सांगितलेत. पात चुरडली की आधी ताजा, गोड सुगंध, आणि आतल्या पन्हळीत नाक घातलं की गाळाचा, कुजक्या खवल्यांचा. आमच्या घरी वेखंडाचा तुकडा सहाणेजवळच्या डबीत असायचा. वाळलेला, सुरकुतलेला. त्याला गाळाचा वास मला कधी आला नव्हता. आता येतो, नको तेव्हा. चित्रपटात एका डॉक्टरची बायको आहे, आजारी, पण आजार किती पुढे गेलाय हे नवऱ्याने तिच्यापासून लपवलंय. नदीकाठी तिची एका तरुण पोराशी ओळख होते, तो तिच्यासाठी वेखंडाची पाती आणायला पाण्यात उतरतो आणि बुडतो.

वायदाने एवढीच गोष्ट केली असती तर एक देखणा, जुन्या वळणाचा चित्रपट झाला असता. पण यांदाने नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांवर लिहिलेली पानं त्याच्या हाती दिली, आणि त्याने ती चित्रपटात घातली. हॉटेलची खोली. पलंग, खिडकी. कॅमेरा जागचा हलत नाही, अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या चित्रांसारखा प्रकाश, आणि ती बोलते. पात्र म्हणून नाही, क्रिस्तिना यांदा म्हणून. निदान कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी काय झालं. चेहरा कितीतरी वेळ अंधारात. आणि हात? मी मुद्दाम हातांकडेच बघत होते. हातांना काही कामच दिलेलं नाही. बटाटे नाहीत, कॅमेरा नाही, खुडायला झाड नाही. आयुष्यभर एवढे हातवारे केलेल्या बाईला वायदाने त्या खोलीत नुसतं सोडून दिलंय. छायाचित्रण पावेल एडेलमानचं आहे, उत्तमच आहे, पण तो दुरून, अदबीने बघतो. जवळ जाऊन बघायचा हक्क ज्याचा होता त्याच्याबद्दलच ती बोलते आहे. मध्येच एकदा ती चित्रीकरण टाकून पुलावरून पळत सुटते, तेही चित्रपटात ठेवलंय. यात वायदाने दुःखाचा वापर केला असं काहींना वाटतं. मलाही पहिल्या खेपेला किंचित तसं वाटलं होतं. पण लिहिलं तिने, दिलं तिने, बोलली ती. रोजनिशी जगजाहीर लिहिणाऱ्या बाईला खाजगी काय ठेवायचं हे आपण कोण शिकवणार?

‘तातारक’नंतर तिने काय केलं असेल तर प्रयोग. रोजचे, ठरलेले. 2012 मध्ये तिने ‘दानुता डब्ल्यू.’ नावाचं एकपात्री उभं केलं. दानुता म्हणजे लेक वालेसाची बायको. तिचं आत्मचरित्र आदल्या वर्षी येऊन गाजलं होतं. पोलंडने तिला वर्षानुवर्षं फोटोत नवऱ्याच्या शेजारी बघितलेलं, 1983 मध्ये नवऱ्याऐवजी नोबेल घ्यायला ऑस्लोला गेलेली बघितलेलं, बोलताना फारसं नाही. ऑगस्ट 1980 मध्ये लेक गोदीत संपात उतरला तेव्हा तिचं सहावं मूल, एक मुलगी, बारा दिवसांची होती. संप जिंकला, देश बदलू लागला आणि हिच्या फ्लॅटमध्ये ओळखीपाळखीचे, बिनओळखीचे, वार्ताहर, सल्लागार यांची रीघ लागली. बसायला जागा नाही, सिगारेटचा धूर, आणि मागे मुलं. यांदा हे सगळं सांगता सांगता रंगमंचावर सफरचंदाचा केक करते. पीठ मळते, सफरचंदं घालते, भाजायला ठेवते.

‘मॅन ऑफ आयर्न’वरचा माझा राग इथे थोडा निवळतो. त्यात वालेसा लग्नाचा साक्षीदार म्हणून उभा होता आणि अग्नेश्का नवऱ्याची गोष्ट सांगत बसली होती. एकतीस वर्षांनी तोच संप, तीच नटी, आणि ती आता स्वतःच्या मालकीच्या थिएटरात वालेसाच्या बायकोच्या बाजूने बोलते आहे. नवऱ्याची गोष्ट यातही आहेच, टळणार कशी, पण ती पिठाच्या हातांनी सांगायची आहे. कणीक हाताला चिकटली की देशाचं भवितव्य जरा थांबतं, आधी हात धुवायचे. प्रेक्षकांत वालेसाचे भक्त असतात, त्याचे शत्रूही असतात, आणि पोलंडमध्ये हे दोन्ही गट आजही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. मैत्रिणीला म्हटलं, आता हाही बघून ये. ती म्हणाली, “याला तरी भाषा लागेल ना?” मी म्हटलं, नाही लागणार.